तड्यातला पिवळा रंग

"पूस," विभागप्रमुख म्हणाले.

मी मशिनकडं बघितलं. मला वाटलं, मशिन पुसायला सांगतायत. मशिनच्या नळीतून दोन दिवस तेल गळत होतं. खाली मी पत्र्याचा डबा ठेवला होता. डबा भरून तेल फरशीवर आलं होतं आणि त्या तेलात साखर कारखान्याच्या संचालकाचा बूट पडला होता. पांढरा बूट.

"मशिन नाही. साहेबांचा बूट."

लॅबमध्ये आम्ही चौघं होतो. विभागप्रमुख, संचालक, त्याचा ड्रायव्हर आणि मी. माझ्या हातात पोलादाचा तुकडा होता. तो मी टेबलावर ठेवला. खिशातली चिंधी काढली. गुडघ्यावर बसलो. संचालकानं पाय पुढं केला.

"बाप काय करतो बे तुझा?"

"चपला शिवतो. घाटनांदूरच्या बाजारात."

"मंग तुला शिकवायची गरज न्हाई. तुमच्या हाताला वळण असतंय."

ड्रायव्हर हसला. विभागप्रमुख हसले नाहीत. थांबवलंही नाही त्यांनी. मी बूट पुसला. मग दुसराही पुसला. दुसऱ्याला तेल लागलं नव्हतं. तो पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला राग आला नाही. खोटं कशाला सांगू. बूट पुसताना मी एवढंच बघत होतो की टाचेच्या शिवणीतलं तेल निघत नाही. उठलो. चिंधी कोपऱ्यात टाकली. तुकडा पुन्हा हातात घेतला.

संध्याकाळी एसटीनं घरी गेलो. बाप ओट्यावर बसून एका चपलेचा अंगठा लावत होता. मी सगळं सांगितलं, जसं बाजारातलं काही सांगावं तसं. बाप दाभण थांबवून माझ्याकडं बघत राहिला.

"दुसरा बूट कावून पुसलास?"

मी पिशवी खुंटीला लावली.

"मी चाळीस वर्सं चपला शिवल्या. लोकाच्या पायाला हात लावला, पण माप घ्यायला. कुणाचा बूट पुसला न्हाई." आणि तो पुन्हा शिवायला लागला.

मी आयटीआय केलं. परळीत एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं लेथवर काम केलं. घरी यायचो तेव्हा कानात तिथल्या वीज केंद्राची राख असायची. मग इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो. परिचर म्हणजे कागदावर परिचर. टेबल पुसायचं, चहा आणायचा, पोरांना मशिन चालवून दाखवायचं. आमच्याकडं पोलाद ओढून तोडायचं मोठं मशिन होतं. एका म्हाताऱ्या सरांनी सरकारी अनुदानातून ते आणलं होतं. त्यांनी मला ते शिकवलं. नुसतं बटण दाबायला नाही. का दाबायचं तेही. इंग्रजी पुस्तिका होती. सर एक ओळ वाचायचे आणि मला म्हणायचे, आता तू तुझ्या भाषेत सांग. दोन वर्षांत माझी एक वही भरली.

त्या वहीत पहिल्या पानावर सरांनी सांगितलेलं लिहिलं आहे. काचेचा चिवटपणा मोजणं सोपं. तडा गेला की संपलं. चांगलं पोलाद तसं नसतं. त्याच्यात तडा असला तरी ते लगेच तुटत नाही. आधी ताणतं, मग थोडं फाटतं, थांबतं, आणखी जोर दिला की आणखी थोडं फाटतं. म्हणून त्याचा एकच आकडा घेऊन भागत नाही. किती जोराला किती फाटलं, हे पायरीपायरीनं मोजावं लागतं.

सर निवृत्त झाले आणि पुण्याला लेकीकडं गेले. त्यांच्यामागं ती चाचणी करणारा कॉलेजात मी एकटा उरलो. विभागप्रमुखांना ती येत नव्हती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, जनावरं चारा छावणीत होती. ऊस थोडा होता आणि जो होता तो वाळायच्या आत गाळायचा म्हणून कारखाना घाईवर होता. कारखान्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण कोर्टात तारखा चालू आहेत. कारखाना सहकारी. सभासद शेतकरी. ऊस तोडणारी माणसं सभासद नसतात. कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्ष तेच कारखान्याचे अध्यक्ष. बूटवाला संचालक त्यांचा पुतण्या. त्याला सगळे छोटे साहेब म्हणत.

ऊस जिथं गाडीतून उतरवतात त्या जागेला गव्हाण म्हणतात. गाडीतल्या उसाखालून साखळ्या घालतात आणि क्रेन सगळा भार एकदम उचलते. एका सकाळी क्रेनची साखळी जिथं अडकवतात ती पोलादी पट्टी तुटली. भार खाली आला. खाली कौसाबाई नावाची बाई होती, धारूरकडची. नवऱ्याबरोबर साखळी लावत होती. तिचा उजवा हात कोपरापासून गेला. आंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात काढावा लागला.

कारखान्यानं सांगितलं, यांनी भार जादा भरला. साखळी वाकडी लावली. चूक यांची. भरपाईचा प्रश्नच नाही.

तपासणारा सरकारी साहेब आला. त्यानं तुटलेली पट्टी सीलबंद केली आणि चाचणीसाठी आमच्या कॉलेजला पाठवली, कारण जवळपास ते मशिन दुसरीकडं नव्हतं. पट्टी ज्यांची, कॉलेजही त्यांचंच, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

विभागप्रमुखांनी पेटी माझ्यासमोर ठेवली.

"तू कर. रिपोर्टवर नाव माझं राहील. खाली चाचणी केली म्हणून तुझी सही."

मी पट्टीच्या न फाटलेल्या भागातून सहा तुकडे कापले. प्रत्येकाला खाच पाडली. खाचेच्या टोकाला खरा तडा लागतो, केसासारखा बारीक, म्हणून प्रत्येक तुकडा मशिनवर हजारो वेळा हळू हळू ओढायचा आणि सोडायचा. त्यात मशिनचं तेल तापतं. ते थंड करायला पाणी लागतं. कॉलेजच्या बोअरला पाणी नव्हतं. टँकर एक दिवसाआड यायचा आणि वसतिगृहातल्या पोरी घागरी घेऊन रांगेत उभ्या असायच्या. त्यांच्या रांगेतून पाणी घ्यायची मला लाज वाटली. मी दोन ड्रम भरून घेतले एकदाच, आणि तेच पाणी पंपानं फिरवत राहिलो. पाणी गरम झालं की मशिन बंद. थंड झालं की चालू. जे काम चार दिवसांचं, त्याला तीन आठवडे लागले.

मग एकेक तुकडा ओढायचा. पहिला थोडाच. दुसरा त्याच्यापेक्षा जास्त. तिसरा आणखी. तुटायच्या आधी थांबायचं. काढून भट्टीत ठेवायचा. गरम झाल्यावर आतला फाटलेला भाग निळा पडतो. मग तुकडा इतका गार करायचा की ते पोलाद आपला चिवटपणा विसरतं आणि एका घावात तुटतं. तोडल्यावर निळा पट्टा दिसतो. तेवढंच ते फाटलेलं.

गार करायला द्रव नायट्रोजन लागतो. तो आमच्याकडं कुठला. मी दूध संघाच्या रेतन केंद्रात गेलो. तिथं वळूचं वीर्य गोठवून ठेवायला त्याची टाकी असते. तिथला माणूस रिकामाच बसला होता.

"किती पायजे तेवढा घ्या," तो म्हणाला. "सगळी जनावरं छावणीत हायत. गाभण कोण करतंय ह्या साली."

निळा पट्टा मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. एका तुकड्यावर नऊ ठिकाणी. पट्टा सरळ नसतो, मध्ये जास्त आणि कडेला कमी, म्हणून नऊ ठिकाणी. मी नऊ वेळा मोजून पुन्हा नऊ वेळा मोजायचो.

बुटाची गोष्ट झाली ती याच दिवसांत. छोटे साहेब काय निघतंय ते बघायला आले होते. विभागप्रमुख म्हणाले, पोलाद चांगलं निघतंय. छोटे साहेब खूश झाले.

"म्हंजी पट्टी चांगली. म्हंजी भारच जादा हुता. बास की मंग."

मी मापं लिहीत राहिलो. पोलाद खरंच चांगलं होतं.

त्याच आठवड्यात कौसाबाई कॉलेजच्या फाटकावर आली. वॉचमननं मला बोलावलं. तिशीतली बाई. उजवी बाही खाली दुमडून पिनेनं लावलेली. नवरा तिच्यामागं उभा होता.

"दादा, तुमीच मोजायलाव ना?"

"हो."

"आमी भार जादा भरला न्हवता. रोज भरतो तेवढाच हुता."

"मी भार मोजत नाही, ताई. मी पोलाद मोजतो."

तिनं डावा हात पुढं केला. मग म्हणाली, "बघू द्या."

खिशात एक तोडलेला तुकडा होता. द्यायला नको होता. दिला. तिनं डाव्या हातात घेतला. निळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"हेच पडलं माझ्यावर?"

"त्यातलाच तुकडा हाय."

"लई जड न्हाई," ती म्हणाली आणि परत दिला.

ती गेली. मी लॅबमध्ये आलो. तेव्हाही मला काही वाटलं नाही. पण मी एक गोष्ट केली, जी कुणी करायला सांगितली नव्हती. पेटीतून तुटलेल्या पट्टीचे मूळ तुकडे काढले आणि जिथं ती गव्हाणीवर तुटली ते तोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

रुंदीच्या तीनपैकी दोन भागांत गंज होता. जुना, तपकिरी. फक्त तिसऱ्या भागात ताजी चमक. म्हणजे पट्टी त्या सकाळी तुटली नव्हती. किती तरी दिवस ती थोडी थोडी फाटत आली होती. त्या सकाळी उरलेली तेवढी तुटली.

आणि गंजाच्या कडेला, तड्याच्या आत, पिवळा रंग होता. क्रेनचा. दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी, गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला पाहुणे येतात म्हणून, क्रेनला पिवळा रंग देतात. रंग तड्यात उतरला होता. म्हणजे रंग दिला तेव्हा तडा होता. ब्रश फिरवणाऱ्यानं तो बघितला असणार. ज्यानं रंग द्यायला सांगितला त्यानंही.

मी सरांना पुण्याला फोन लावला. सगळं वाचून दाखवलं. सर म्हणाले, तुझ्याकडं पोलादाचा चिवटपणा आहे. तड्याची लांबी आहे. आता किती भाराला उरलेली पट्टी तुटेल ते निघतं. मांड. मी वहीत मांडत गेलो, ते तिकडं मांडत गेले. दोघांचं उत्तर जवळपास सारखं आलं. क्रेनच्या पाटीवर जेवढं वजन लिहिलं होतं, पट्टी त्याच्या बऱ्याच आत तुटली होती.

"तुझं बरोबर आहे," सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुझी नोकरी कायम आहे का रे?"

"न्हाई सर."

"विचार कर," ते म्हणाले. त्यांनी काय विचार कर ते सांगितलं नाही.

मी रिपोर्ट लिहिला. दोन पानं. पहिल्या पानावर पोलादाचं माप. पोलाद चांगल्या प्रतीचं, चिवट. दुसऱ्या पानावर गंज, रंग, आणि भार.

चार दिवसांनी विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. छोटे साहेब खुर्चीत बसले होते. टेबलावर टाइप केलेला रिपोर्ट होता. एक पान. पोलाद चांगल्या प्रतीचं, चिवट. सबब पट्टी क्षमतेपेक्षा जादा भारामुळे तुटली. खाली विभागप्रमुखांची सही. त्याखाली माझ्या नावापुढं मोकळी जागा.

"सही कर आणि जा," विभागप्रमुख म्हणाले.

"दुसरं पान न्हाई सर."

"ते आपल्याला विचारलेलं नव्हतं. आपल्याला पोलाद तपासायला सांगितलं होतं."

"पण हे जादा भाराचं पण विचारलेलं नव्हतं."

छोट्या साहेबांनी वर बघितलं. "ह्यो लई शिकला का रे तुमच्यात?" ते विभागप्रमुखांना म्हणाले. मग मला. "त्या बाईचं वाईट वाटायलंय तुला. मला बी वाटायलंय. पण ही तोडणारी माणसं लई चिवट असत्यात. एका हातानं बी कोयता चालविती ती, बघ तू. पुढच्या हंगामाला उसाच्या फडात दिसंल."

चिवट. तो शब्द मी लिहिला होता. सहा तुकडे, तीन आठवडे, प्रत्येकी नऊ मापं, तेव्हा कुठं मी तो शब्द लिहिला होता. आणि हा माणूस खुर्चीत बसून तो त्या बाईला लावत होता, तिला पुन्हा फडात उभी करायला. तिला त्यानं कधी बघितलंही नव्हतं.

काहीतरी झालं मला. राग म्हणता येणार नाही. डोकं एकदम शांत झालं. चहाचा कप, काचेखालचा देवाचा फोटो, सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

मी पेन घेतलं. विभागप्रमुखांनी श्वास सोडला. माझ्या नावापुढं मी लिहिलं: 'पट्टीतला तडा जुना होता. त्यात रंग होता. भार मर्यादेच्या आत होता. हे माझं दुसरं पान यातून काढलं आहे.' आणि त्याखाली सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

विभागप्रमुखांनी वाचलं आणि कागद फाडला.

"बूट पुसणाऱ्याची जात," छोटे साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बूट पुसायलाच ठिवायला पायजे हुतं तुला."

"मी तुमचा बूट पुसला," मी म्हणालो. "ती चूक झाली. आता ही करणार न्हाई."

एवढंच बोललो. त्याहून जास्त मला सुचलंही नाही. बाहेर आलो. जिन्यावर बसलो थोडा वेळ.

त्याच दिवशी मी माझ्याकडच्या कच्च्या प्रतीतल्या दुसऱ्या पानाची झेरॉक्स आणि माझ्या वहीतल्या सगळ्या मापांची झेरॉक्स घेतली. दुसऱ्या दिवशी बीडला गेलो. तपासायला आलेल्या सरकारी साहेबाच्या ऑफिसात एक कारकून होता. त्याला म्हणालो, हे आवक करून घ्या आणि मला शिक्का द्या. त्यानं विचारलं, तुमी कोण? मी म्हणालो, मोजणारा. त्यानं शिक्का दिला.

आठवड्यात मला कॉलेजची नोटीस मिळाली. त्यात रिपोर्टचा शब्द नव्हता. बूट नव्हता, पट्टी नव्हती. लिहिलं होतं की ऐन दुष्काळात कॉलेजच्या पाण्याचा गैरवापर केला. दोन ड्रम पाणी. ते पाणी मी शेवटी कडुनिंबाच्या झाडांना घातलं होतं. मला कामावरून कमी केलं.

बायको नोटीस वाचून म्हणाली, "पाणी चोरलं म्हणत्यात?"

"हो."

"मंग आता काय?"

"बघू."

ती चुलीकडं वळली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

बापाला सांगितलं. त्यानं ऐरण सरकवली आणि शेजारी पोतं अंथरलं. मी बसलो. आता बाजाराच्या दिवशी मी त्याच्याजवळ बसतो. बाकी दिवस एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. पगार कमी आहे. हात तेलानं भरलेले असतात.

कौसाबाईनं भरपाईसाठी केस लावली. मी साक्षीदार. पहिल्या तारखेला कारखान्याच्या वकिलानं मला विचारलं, शिक्षण काय? आयटीआय. कॉलेजात पद काय? परिचर. म्हणजे झाडू मारायचात? मारायचो. आणि तुम्ही पोलादाच्या चिवटपणावर बोलणार? कोर्टात दोघंतिघं हसली. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. मग आणखी एक पुढची. विभागप्रमुखांनी लेखी दिलंय की असा कर्मचारी चाचणी करू शकत नाही, त्याला तेवढं ज्ञान नाही.

मधल्या काळात निरोप आला. माफीचं पत्र दे, पाण्याची चूक कबूल कर, साक्ष मागं घे. कॉलेजात परत घेतो, या वेळी कायम करतो. निरोप घेऊन आलेला माणूस आमच्याच गल्लीतला. चांगला माणूस. तो म्हणाला, "पोरंबाळं हायत तुला." हायत. मला माहीत आहे.

माफीपत्र मी लिहिलेलं नाही.

मी तिचा हात परत आणू शकत नाही. केस हरूही शकते. सर आता फोन उचलत नाहीत. त्यांचं वय झालंय, किंवा त्यांनी विचार केलाय. मला त्यांचा राग नाही. ते साक्षीला आले नाहीत तर मी एकटा उभा राहीन.

वकील पुन्हा विचारील, तू कोण? मी सांगीन, मी परिचर होतो, झाडू मारायचो, चांभाराचा पोरगा आहे, आणि तो तडा मी मोजलाय. मग तड्याची लांबी सांगीन. भार सांगीन. हळू सांगीन, म्हणजे लिहून घेणाऱ्याला लिहिता येईल. हसले तर थांबीन, हसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगीन.

विचारलं तर सांगीन. नाही विचारलं तरी सांगीन.